बंदिवासातून राजभवनात

पुण्यास नगर रस्त्यावर आगाखान राजवाडा नावाची एक भव्य वास्तू आहे. १९४२ साली इंग्रज सरकारने या राजवाड्याचा तुरुंग केला. ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईस पकडलेले महात्मा गांधी येथे बंदिवासात होते. त्यांच्यासमवेत सरोजिनी नायडू याही होत्या. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांनी याच ठिकाणी देह ठेवला.

त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला. त्याच दिवशी सरोजिनीबाई संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, राज्यपाल झाल्या. भारतात हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. ज्या पदावर काल इंग्रज गव्हर्नर बसत, त्या पदावर त्यांच्याच सरकारची एक बंदिवान आरूढ झाली!

सरोजिनीबाईंचा जन्म १३ फेब्रुवारी १८७९ रोजी हैदराबाद येथे एका बंगाली कुटुंबात झाला. वयाच्या बाराव्या वर्षी त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पुढे विलायतेत त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी काव्यामुळे त्यांची कीर्ती दूरवर पसरली. परंतु देशकार्यापुढे त्यांनी काव्यलेखन मागे ठेवले. १९२५ साली कानपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९३० साली गांधीजींना अटक झाल्यावर धारासना येथील मिठाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले.

राज्यपालाचे पद मानाचे खरे. पण प्रत्यक्ष राज्यकारभार मंत्रिमंडळ पाहते. सरोजिनीबाईंच्या वेळी तो गोविंदवल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळाकडे होता. मग अशा पदाचा उपयोग कोणता? मंत्री एका पक्षाचे असतात; राज्यपालाने मात्र साऱ्या जनतेचे व्हावयाचे असते. फाळणीमुळे मने दुभंगलेल्या त्या काळात अशा व्यक्तीची फार आवश्यकता होती. हिंदु-मुसलमानांच्या ऐक्यासाठी सरोजिनीबाई आयुष्यभर झटल्या होत्या.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. दोनच दिवसांनी सरोजिनीबाई आकाशवाणीवरून बोलल्या. गांधीजींच्या आत्म्याने विसावा घेऊ नये, आम्हांस दिलेले वचन पाळण्याचे बळ द्यावे, अशी आळवणी त्यांनी केली. हा शब्द सत्तेचा नव्हता; पण त्यामागे तुरुंगवासाची तपश्चर्या होती.

२ मार्च १९४९ रोजी लखनौ येथे, राज्यपालपदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. मानाचे पद अनेकांस लाभते. त्या पदास मान मिळवून देणारे थोडेच असतात. सरोजिनीबाई त्यांपैकी एक होत्या.