कार्बनचे लिम्ब आणि मुंबईची हवा

ज्या कंपाउंड धनुष्यावर साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेते झाले, त्याला कप्प्यांचे साहाय्य असते. पारंपरिक लाँगबोला तशी सवलत मुळीच नसल्यामुळे त्याच्या वेगाचा सारा मामला लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, हलकेपणावर आणि ताठपणावर येऊन ठेपतो. कार्बनची महती ती हीच. फायबरग्लासपेक्षा वजनाच्या मानाने तो अधिक ताठ असल्याने लिम्बची टोके हलकी ठेवता येतात, आणि तिरप्या विणीचा थर असल्यास पीळही कमी बसतो.

दमट हवेत शिंग-स्नायूंच्या जुन्या धनुष्यांचे सांधे सैल पडत. गिरगावातल्या पावसाळ्यात कार्बनला ती भीती नाही, तथापि आतला गाभा बहुधा लाकडीच असल्याने कडेचे वार्निश जेथे उडाले असेल तेथे ते विनाविलंब लावून घ्यावे, आणि मे महिन्यात बंद मोटारीत धनुष्य ठेवण्याचा आततायीपणा तर करूच नये, कारण उष्णतेने थरांमधील इपॉक्सी मऊ पडते.

एकसंध लाँगबोचे लिम्ब बदलता येत नाहीत, ही साधी बाब पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. धनुष्य सुट्या जोडणीचे असेल तरच कार्बनचे लिम्ब बसवण्याची तजवीज करावी. लिम्बवरील पौंडांचा आकडा कोणत्या खेचीला व किती लांबीच्या मुठीवर मोजला आहे, हे विक्रेत्यास आवर्जून विचारावे. बाण पौंडामागे निदान आठ ग्रेनचा हवा. फार हलक्या बाणामुळे लिम्बला धक्का बसतो.

माझे स्पष्ट मत असे, की नवशिक्याने कार्बनच्या लिम्बचा खर्च नाहक करू नये. आधी उत्तम प्रत्यंचा आणि जुळणारे बाण घ्यावेत.