बाजाराच्या दिवसाची ओपीडी

सकाळी ७.१५. जिल्हा रुग्णालयातून गाडी निघते. गाडीत मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, सिस्टर, मी आणि औषधांचे खोके. फ्लुऑक्सेटिन किती, रिस्पेरिडोन किती हे निघण्याआधीच मोजून घ्यावं लागतं. तालुक्याला पोचल्यावर गोळ्या कमी पडल्या आणि पेशंटला ‘बाहेरून घ्या’ म्हटलं, तर तो बहुतेक वेळा घेतच नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला. त्याआधी कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो करून पाहिला होता. माणसाने मनोरुग्णालयापर्यंत जायचं त्याऐवजी उपचारांनी तालुक्यापर्यंत यावं, एवढाच त्याचा गाभा. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. वऱ्हाडातल्या शेतमजुराला त्यातलं नागपूरसुद्धा मजुरी बुडवून, भाडं घालून गाठावं लागतं. आम्ही तालुक्याला जातो तो वार गुरुवार, कारण त्या गावचा बाजार गुरुवारचा. बाजाराला माणूस येतोच. हे कळायला शोधनिबंध लागत नाही.

९.३०. ग्रामीण रुग्णालयात आमची खोली बीपी-शुगरच्या खोलीला लागून आहे, आणि ती मागून घेतलेली आहे. बाहेर रांग एकच दिसते. कोण कशासाठी बसलंय ते गाववाल्याला कळत नाही. आधी जुने पेशंट. झोप लागते का, गोळी चुकते का, कामावर जाता का, अंग थरथरतं का. पाच-सात मिनिटांत एकेक उरकतं. इथं फार सांगण्यासारखं काही नाही, आणि ते चांगलंच आहे.

१०.३० पासून नवे. ‘मन उदास आहे’ असं म्हणत कोणी येत नाही. डोकं दुखते, छातीत धडधड होते, हातापायाला मुंग्या येतात. “मले झोपच येत नाई. सलाईन लावून द्या ना मॅडम, लय कमजोरी हाय.” अशा एका मावशीबरोबर आज पाऊण तास गेला. सलाईन, ताकदीचं इंजेक्शन, टॉनिक, एका महाराजांचा अंगारा हे सगळं झालेलं. कोणत्याच डॉक्टरने घरचं विचारलं नव्हतं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी माझ्याकडे असते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, जास्तीत जास्त सत्तावीस गुण. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात, मी ‘मागच्या दोन बाजारांत’ असं विचारते. यादी तोंडावर वाचून दाखवली तर उत्तरं भराभर मिळतात आणि बहुतेक निरुपयोगी असतात. बोलता बोलता विचारली तर वेळ जातो, पण खरं हाती लागतं.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. नवीन मुलं तो गाळायला बघतात. विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं घातल्यासारखं होईल, ही भीती. अभ्यासांतून तसं काही दिसलेलं नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सैल झालेला मी पाहत आले आहे. मावशींनी मान हलवली, मग म्हणाल्या, “पोरीसाठी थांबली हावो.” डॉक्टरांनी गोळी सुरू केली. माझं काम त्यानंतरचं. ही गोळी झोपेच्या गोळीसारखी त्याच रात्री लागू पडत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ होते, कधी बेचैनी वाढते. म्हणजे फायदा दिसायच्या आत त्रास दिसतो. बेचैनी फार वाढली किंवा ते विचार वाढले तर गुरुवारची वाट न बघता फोन करायचा. हे मावशींना सांगितलं, मुलीला बोलावून तिलाही सांगितलं.

१२.१५. पुरुष वॉर्डातून निरोप. फवारणीचं औषध पोटात गेलेला तरुण, आता धोक्याबाहेर. कागदावर ‘फवारताना अपघाताने’. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. मी त्यांना बाहेर नेऊन सांगते की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम असं मानून चालतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. त्यानंतरच खरी हकीकत बाहेर येते. घरातल्या औषधाच्या बाटल्या काही दिवस दुसऱ्याच्या घरी ठेवा, असंही सांगते. श्रीलंकेत गावंच्या गावं घेऊन एक मोठी चाचणी झाली होती. घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटून आत्महत्यांचे प्रयत्न कमी झाले नाहीत. त्याच देशात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर मात्र आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. म्हणजे मोठी चावी शेतीखात्याच्या हातात आहे. तरी या एका घरातून, या महिन्यापुरत्या, बाटल्या जायलाच हव्यात.

१.४५. डबा. दहा मिनिटं.

२.००. आशाताईंची बैठक. इथे मी संशोधनाचं थोडं बोलते, कारण ते त्यांच्याच कामाबद्दल आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत बऱ्यापैकी तीव्र नैराश्यातल्या माणसांना सावरायला मदत केली. उपचार म्हणजे माणसाला सुटलेल्या कामांकडे थोडं थोडं परत नेणं: बंद पडलेली शिलाई मशीन काढणं, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हे समुपदेशक एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांना गुण देत. आमच्याकडे तेवढी चैन नाही, म्हणून एक ताई पेशंट होते, दुसरी विचारते, बाकीच्या चुका काढतात. हशा होतो. सल्ला द्यायची सगळ्यांनाच घाई असते.

दुसरं काम आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, विश्राम प्रकल्पाचं. तीस गावांत कार्यकर्ते घरोघरी फिरले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सहापट! तरी शंभरातले सत्तरहून जास्त बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात आहे.

३.४५. मी वही उघडते. आज यायचे होते आणि आले नाहीत, त्यांची. दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच, असं माझं मत आहे. गोळ्या चालतात, बोलणं चालतं, हे सिद्ध करून झालंय. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला माणूस परत आला तर! फोनवर ‘दवाखान्यातून बोलते’ एवढंच म्हणायचं, फोन दिरानेही उचललेला असू शकतो. वेचणीच्या दिवसांत ही यादी लांबते, कारण कापूस किलोवर वेचला जातो आणि खाडा परवडत नाही. “आता ते चांगली हाय, गोया कायले?” एका बाईचा नवरा विचारतो. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, मी सांगते. तो कंटाळतो. मी त्याला स्वतःलाच येऊन महिन्याच्या गोळ्या न्यायला सांगते, बाईला नंतर कधीतरी बघू. यावर तो तयार होतो. पुस्तकात हे बसत नाही.

५.३०. परतीच्या गाडीत मासिक अहवाल. रकाने दोन: नवे रुग्ण, जुने रुग्ण. परत न आलेल्यांसाठी रकाना नाही, त्यामुळे ओपीडी भरलेली दिसते. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणून आमच्यासारख्यांचे हे रकाने जरा जास्तच मोलाचे. पुढच्या आढावा बैठकीत मी तिसरा रकाना मागणार आहे. ‘फॉर्म वरून येतो’ हे उत्तर मिळेल. डॉक्टर म्हणतात, मागा तरी. उरलेले फोन उद्या सकाळी नऊच्या आत करायचेत, त्यानंतर सगळे वावरात असतात.