कोवलमच्या किनाऱ्यावरून आकाशाचे छायाचित्रण
आकाशाच्या छायाचित्रणाची सुरुवात चंद्रापासून करावी. तो तेजस्वी असल्याने सेकंदाच्या शतांशाएवढे एक्स्पोजरही पुरते. त्यासाठी कॅमेऱ्याची लेन्स काढून तो टी-रिंग या जोडकड्याने दुर्बिणीला जोडतात. ताऱ्यांसाठी 50 मिमी लेन्स, ट्रायपॉड आणि साधारण 8 सेकंद पुरेत. जास्त वेळ दिल्यास पृथ्वीच्या परिवलनामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

चेन्नईच्या दक्षिणेचे कोवलम सुमारे 12.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून ध्रुवतारा क्षितिजालगत, नेमका शहराच्या उजेडात दिसतो. त्यामुळे ताऱ्यांमागे फिरणारा माउंट ध्रुवताऱ्याशी जुळवणे जिकिरीचे होते. दक्षिणेचे आकाश मात्र याची भरघोस भरपाई करते. एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी हा विलक्षण देखणा तारकागुच्छ जवळपास 30 अंश वर येतो, पुण्यापेक्षा उंच. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे. खाऱ्या, दमट वाऱ्यात भिंगांवर दव धरते, म्हणून काम संपताच उपकरणे कोरडी करावीत.