मिळकतीचे वर्णन

टोकन बारा आत गेलंय, आमचं सोळा. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे दोन्ही बाक भरलेत, म्हणून मी खिडकीशी उभी आहे. मैत्रिणीने शिवणकामासाठी गाळा भाड्याने घेतलाय, तिच्या कराराला मी साक्षीदार. गाळामालक मघापासून कुरकुरतायत, "अकरा महिन्यांचं तर आहे. नोटरी केली असती तरी भागलं असतं." नसतं भागलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या 55व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. मैत्रीण हे ऐकवते तेव्हा मालक गप्प बसून टोकनची चिठ्ठी उलटसुलट करू लागतात.

माझं लक्ष समोरच्या बाकाकडे आहे. टोकन चौदा. तीन बहिणी, एक भाऊ आणि फाइल काखोटीला मारलेला दस्तलेखक. हक्कसोडपत्र आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. बहिणी ठेवणीतल्या साड्यांत आल्यात, भाऊ सगळ्यांना उसाचा रस आणून देतोय, जरा जास्तच वाकून बोलतोय, आणि भावजय आलेली नाही.

थोरली शेजारणीला सांगतेय, "आमचं लगीन चौऱ्याण्णवच्या आधीचं. आमाला कायद्यानं कायच न्हाई. तरी हा म्हणतोय, सही लागती."

हे एके काळी बऱ्याच अंशी बरोबर होतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, 1994 मध्ये दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट उरली नाही. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याही पुढे जाऊन सांगितलं, की वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क उरतो. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी उकरता येत नाही.

शेजारणीला यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. ती म्हणते, "कायच नसतं, तर सही कशाला मागितली असती वो?"

थोरली रसाचा ग्लास खाली ठेवते.

"टोकन चौदा!"

दार उघडंच असल्यामुळे सगळं दिसतं. अधिकारी बाई पानं उलटतात. मुद्रांक पाचशेचा, ठीक. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा बहिणीने मोबदला न घेता भावाला सोडला, तर मुद्रांक शुल्क फक्त 500 रुपये. ऑक्टोबर 2024 च्या आधी तर 200 च होतं. गुंठ्याला लाखांचा भाव असलेल्या जमिनीचा कागद चौघांच्या जेवणाच्या बिलात होतो. बहिणींना गाडी करून इथवर आणायलाच त्याहून जास्त खर्च आला असेल.

"दस्त वाचलाय का?"

धाकटी भावाकडे बघते.

"त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघा. मोबदला काही घेतलाय?"

"न्हाई."

"कुणाचा दबाव?"

"भाऊच हाय की आमचा," थोरली हसून म्हणते.

बाई हसत नाहीत. या टेबलावर मालकी तपासत नाहीत. सही करणारी माणसं तीच आहेत ना आणि त्यांना दस्त कबूल आहे ना, एवढंच पाहतात. कबुली नाकारली तर नोंदणी होत नाही. त्या तोच प्रश्न पुन्हा विचारणार, एवढ्यात मधली बोलते, "मिळकतीचं वर्णन वाचा की जरा."

दस्तलेखक एका दमात सुरू करतो. गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र शून्य हेक्टर पंच्याण्णव आर.

"म्हंजे किती?"

"दोन एकर चौदा गुंठे."

"हां. फुडं."

"विहीर, त्यातील पाण्याच्या पाळीसह. तसेच ग्रामपंचायत हद्दीतील राहते घर..."

"थांबा. घराचं कवा ठरलं?"

भाऊ पुढे सरकतो. "आक्का, एकदमच केलं. सारकं सारकं यायला नको म्हणून. ऱ्हातोय तर मीच न्हवं?"

"ऱ्हा की. कोण काढतंय तुला? शेत कसतोयस, घे. घर मी सोडत न्हाई."

"मग माझंबी घराचं ऱ्हाऊ दे," थोरली म्हणते, इतक्या चटकन, की भाऊ तिच्याकडे वळून बघतो.

बाई कागद परत सरकवतात. आवाजात राग नाही, अशी दुरुस्ती त्यांना रोजचीच असावी. "बाहेर जाऊन ठरवा, नवीन करून आणा. चलन अजून वापरलेलं नाही, तेच चालेल. टोकन पंधरा!"

भाऊ व्हरांड्याच्या टोकाला जाऊन फोन लावतो. दोन वाक्यं बोलतो आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहतो. इकडे धाकटी दस्तलेखकाला हळूच विचारते, "आज सही केली आन् मागनं घर परत मागितलं तर?"

"एकदा नोंदला, की भावानं उलट लिहून दिलं तरच. न्हाईतर कोर्ट."

ती मधलीच्या मागोमाग जिन्याखालच्या टायपिंगच्या टपरीत शिरते. खिडकीतून तिथलं बोलणं ऐकू येतं.

"विहीर ऱ्हाऊ द्या, पाळी त्याचीच. घर तेवढं खोडा."

"खोडून चालत नाही बाई, पान नवं काढावं लागतं."

"मग काढा. आन् आता पयल्यापासनं वाचून दावा."