पगाराचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी तारीख ठरवा

दिल्ली, गुरुग्राम, नोएडात दहा-पंधरा माणसांची कंपनी चालवणारे सॉफ्टवेअर निवडताना किंमत बघतात, पण ते बदलायचं कधी, याचा विचार सहसा होत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) वर्गणीचे कालावधी दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच कुणाचा पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेवर गेला, तरी कालावधी संपेपर्यंत त्याची ०.७५ टक्के कपात चालू ठेवावी लागते. ऑगस्टमध्ये आणलेल्या नव्या सॉफ्टवेअरला फक्त आजचा पगार दिसतो. मागची नोंद भरली नाही, तर ते त्याला गुपचूप वगळतं. टीडीएसचंही तेच : आधीच्या महिन्यांचे आकडे भरले नाहीत, तर वर्षाचा हिशेबच चुकतो. म्हणून १ एप्रिल उत्तम.

कुणी म्हणेल, तोवर जुन्याचा त्रास का सोसायचा? बरोबर आहे, मग १ ऑक्टोबर धरा. तेव्हा ईएसआयचा कालावधी आणि टीडीएसची तिमाही दोन्ही नव्यानं सुरू होतात. फक्त सहा महिन्यांचा पगार व करकपात भरावी लागते. 'हे सॉफ्टवेअर कंपनीवाले बघतील' यावर मात्र विसंबू नका. राज्याचे नियम स्वतः तपासा : महाराष्ट्रातला व्यवसाय कर दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात नाही, आणि किमान वेतन तिन्हीकडे वेगळं. पहिला महिना दोन्ही सॉफ्टवेअरवर पगार काढा आणि प्रत्येकाची पावती ताडून बघा. जुन्याचं खातं बंद करण्याआधी सगळ्या नोंदी उतरवून घ्या.