क्लबांची कुळकथा : तालमीतून आलेला फुटबॉल

इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबच्या बोधचिन्हावर बीजेके अशी तीन अक्षरं असतात. त्यातलं मधलं ‘जे’ जिम्नॅस्टिकचं. मागच्या आठवड्यात आपण गलातासराय पाहिला, 1905 साली एका शाळेच्या वर्गात जन्मलेला. फेनरबाहचे 1907 चा, पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या कादीकॉय वस्तीतला. बेशिक्ताश या दोघांहून थोरला, 1903 चा, पण तो जन्मला तेव्हा त्याच्याकडे चेंडूच नव्हता.

सेरेनजेबे भागात उस्मान पाशांचा वाडा होता. तिथे पाशांची मुलं आणि शेजारची पोरं जमून सिंगल बार, वजनं आणि कुस्ती करायची. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याचा काळ तो. चार तरुण एकत्र जमले की हेरांचे कान टवकारायचे. त्यातून फुटबॉल म्हणजे इंग्रजांचा खेळ, म्हणजे आणखी संशय. क्लबची स्वतःची कथा अशी की, पोलिस चौकशीला आले, पोरं चेंडूमागे धावत नाहीत, नुसती अंगमेहनत करताहेत, अशी खात्री झाली आणि व्यायामाला मोकळीक मिळाली. 1908 मध्ये राज्यघटना परत आली, वातावरण सैलावलं, फुआत बाल्कनसारख्या मंडळींनी क्लबला आकार दिला आणि 1910 मध्ये रीतसर नोंदणी झाली. फुटबॉल आला 1911 मध्ये. शेरेफ बेय या खेळाडूने त्याच परिसरातले वालिदेचेश्मे आणि बासिरेत हे दोन छोटे संघ बेशिक्ताशच्या छत्राखाली आणले. दोन आळ्यांचे संघ एक झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

व्यायामशाळा आधी आणि चेंडू मागाहून, हे ऐकून कोल्हापूरकराला नवल वाटणार नाही. त्याच्या गावात सगळं याच क्रमाने घडलं.

राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये इंग्लंडला गेले, त्या दौऱ्यात रोमचं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि त्यातून खासबाग मैदान सुचलं, असं सांगतात. 1912 मध्ये ते मैदान कुस्तीसाठी खुलं झालं. पेठापेठांतल्या तालमींना महाराजांनी बळ दिलं. तालीम म्हणजे ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली लाल माती, कोपऱ्यात मारुती आणि वस्तादांचा धाक. पण कोल्हापुरात तेवढ्यावर भागत नाही. गणपती तालमीचा बसतो, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची निघते, मोहरमचे पंजेही कित्येक तालमींतून बसतात. पुरात मदतीला पहिली धावते तीही तालीमच. पेठेतल्या माणसाचं सार्वजनिक आयुष्य त्या उंबऱ्यातून सुरू होतं.

फुटबॉल संस्थानी आश्रयाने, राजाराम महाराजांच्या काळात फोफावला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, उभी राहिली. पण खेळाला घर दिलं ते तालमींनी. मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम मंडळ, ज्याला सगळे पीटीएम म्हणतात. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम. शिवाय दिलबहार, बालगोपाल, ऋणमुक्तेश्वर, जुना बुधवार पेठ. यादीत मध्येच प्रॅक्टिस क्लब हे इंग्रजी नाव येतं, पण त्याच्या पाठीराख्यांचा आवाज अस्सल पेठेचाच. दंड घालणाऱ्या पोरांनी लंगोट सोडून बूट घातले, तरी ईर्षा कुस्तीचीच राहिली. दोन बलाढ्य संघ भिडले की पेपरात आजही ‘काटाजोड लढत’ छापून येतं.

रावणेश्वर तलाव बुजवून झालेल्या शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि शिवाजीचा सामना असला की दुपारपासून गल्ल्या रिकाम्या व्हायला लागतात. हलगी आणि घुमकं तालमीतूनच निघतं, गणपतीत वाजतं तेच. ठेका पकडणारी पोरंही तीच. गोल झाला की आधी झेंडे, मग हलगी, मग समोरच्या गॅलरीकडे बघून शिट्ट्या. चषक जिंकला तर गुलाल उधळत संघ थेट तालमीत, मारुतीसमोर. हरला तर पुढच्या सामन्यापर्यंत पेठेतल्या चहाच्या टपरीवर खेळाडूची धडगत नाही. हीच ईर्षा कधी हाताबाहेर जाते. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले, स्पर्धा अर्धवट राहिल्या, हे कोल्हापूरकरांना नवं नाही. अलीकडे गोव्याचे, बंगालचे, अगदी नायजेरियाचे खेळाडू तालमींकडून उतरतात. परदेशी पोरगा गोल करतो आणि अख्खी पेठ त्याला खांद्यावर घेते. पेठेत जन्मलेलाच आपला, हा नियम चेंडूने एवढा तरी ढिला केला.

आमच्या गोखिवऱ्यात याच्या नेमकं उलटं आहे. तासाच्या भाड्याने टर्फ मिळतं, पोरं कुठल्याशा युरोपीय क्लबची जर्सी घालून येतात, संघ व्हॉट्सअॅपवर ठरतो आणि तास संपला की मोडतो. तिथे भांडण होत नाही, कारण भांडावं असं काही आपलं नसतं. मला ती शांतता फारशी भावत नाही, हे सांगून टाकतो.

आता बेशिक्ताशकडे पुन्हा वळू. त्या क्लबने आजूबाजूच्या आळ्यांचे संघ पोटात घेतले, म्हणून वस्तीचा क्लब शहराचा झाला आणि मग युरोपात देशाच्या नावाने खेळला. 1941 च्या एका सामन्यात एका कोळ्याने ‘काळे गरुड’ अशी आरोळी ठोकली आणि ते टोपणनाव क्लबला कायमचं चिकटलं. इनोनू स्टेडियम 1947 मध्ये झालं, ते दोल्माबाहचे राजवाड्याच्या शेजारी. कोल्हापुरात असा शेरेफ बेय झाला नाही. पीटीएम आणि शिवाजी एका झेंड्याखाली येतील, असं कोणी शाहू स्टेडियमवर उभं राहून नुसतं बोललं, तरी दोन्ही गॅलऱ्या मिळून त्याला हाकलतील, बहुधा एवढ्याच कारणासाठी एकत्र येऊन. म्हणून खेळाडू बाहेर जातात आणि संघ गावातच राहतो. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. निखिल कदमही इथलाच, मोहन बागानकडून खेळलेला. पण आय-लीगमध्ये किंवा आयएसएलमध्ये एकाही तालमीचं नाव आलं नाही.

शहराचं नाव देशपातळीवर नेलं ते मुलींनी. 2019-20 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये बंगळुरूत एफसी कोल्हापूर सिटी हा संघ खेळला. नावात पेठ नाही, तालीम नाही, नुसतं कोल्हापूर. तालमी पुरुषांच्या, त्या मुलींना कुठल्याच आखाड्याचा वारसा नव्हता, त्यामुळे कुठल्या पेठेची बाजू घ्यायची हा प्रश्नही नव्हता.

पुढच्या आठवड्यात बोस्फोरस ओलांडून कादीकॉयला, फेनरबाहचेकडे.