वाटसरूचा चेहरा, हातभर अंतरावरून

रस्त्यावर, बाजारात किंवा रेल्वेच्या डब्यात, कोणतीही पूर्वरचना न करता अनोळखी माणसांचे केलेले छायाचित्रण म्हणजे स्ट्रीट फोटोग्राफी. आणि या प्रकारात क्लोज-अप, म्हणजे जवळजवळ संपूर्ण चौकट एकाच चेहऱ्याने भरून टाकणारे चित्र, साधणे विशेष कठीण असते. ही अडचण यंत्राची कमी आणि माणसाच्या स्वभावाची अधिक आहे. भावना स्पष्ट दिसावी म्हणून छायाचित्रकार जवळ जातो, पण तो जवळ आल्याचे कळताच समोरचा माणूस सावरून बसतो, हसतो, आक्रसतो किंवा रागावतो, आणि जी भावना टिपायची होती तिची जागा कॅमेऱ्याला दिलेला प्रतिसाद घेतो. न्यूयॉर्क शहरात या प्रकारची जी नावाजलेली कामे झाली, त्यांतील बहुतेक युक्त्यांचा उगम याच पेचात आहे.

पॉल स्ट्रँड याने १९१६च्या सुमारास आपल्या कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटे भिंग बसवले होते, त्यामुळे कॅमेरा एकीकडे रोखलेला वाटे आणि चित्र मात्र भलत्याच दिशेला उभ्या असलेल्या माणसाचे निघे. त्या काळातील त्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र एका अंध स्त्रीचे आहे: गळ्यात ती अंध असल्याची पाटी, पाटीच्या वर फेरीवाल्याच्या परवान्याचा बिल्ला, एक डोळा जवळजवळ मिटलेला आणि दुसरा बाजूला लागलेला. जिच्यापासून कॅमेरा लपवण्याची सर्वांत कमी गरज होती, तिचेच चित्र छुप्या छायाचित्रणाचा आदर्श ठरावे, हा योगायोग बोचरा म्हणावा लागेल.

वॉकर इव्हान्सने हा लपंडाव अधिक काटेकोरपणे खेळला. १९३८ ते १९४१ या काळात, मुख्यतः हिवाळ्यात, तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत ३५ मिलिमीटरचा कॉन्टॅक्स कॅमेरा ओव्हरकोटाखाली दडवून बसत असे. त्याचे चकचकीत भाग त्याने काळे रंगवले होते, भिंग दोन गुंड्यांच्या फटीतून बाहेर डोकावे आणि शटर दाबणारी लांब तार बाहीतून थेट तळहातापर्यंत येई. डोळा कॅमेऱ्याला न लावता, फ्लॅश न वापरता, समोरच्या बाकावरील प्रवाशाचे चित्र असे घेतले जाई. त्यात हसणारे चेहरे थोडेच आहेत. जबडे सैल पडलेले, नजर कुठेच न लागलेली, वर्तमानपत्र हातात असूनही मन भलतीकडे गेलेले. ही छायाचित्रे ‘मेनी आर कॉल्ड’ या पुस्तकाच्या रूपाने १९६६ मध्ये, म्हणजे सुमारे पाव शतकानंतर, प्रकाशित झाली. चारचौघांत वावरताना माणूस जो चेहरा धारण करतो, तो उतरल्यावर काय उरते, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज क्वचितच सापडतो, मात्र तो चोरूनच मिळवावा लागला.

ब्रूस गिल्डनची रीत नेमकी उलट आहे. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात फ्लॅश घेऊन तो पादचाऱ्याच्या अगदी पुढ्यात ठाकतो आणि २८ मिलिमीटरच्या, म्हणजे रुंद पट्टा टिपणाऱ्या भिंगाने छायाचित्र घेतो. इतक्या जवळून नाक आणि भिंग यांच्यातील अंतर कान आणि भिंग यांच्यातील अंतरापेक्षा प्रमाणाने बरेच कमी भरते, त्यामुळे नाक-कपाळ फुगून पुढे येतात आणि कान मागे सरतात. अशी विकृती भिंगाचा दोष मानली जाते, पण तिचे खरे कारण जवळीक हेच आहे. ही चित्रे विलक्षण जिवंत असतात, हे नाकारता येत नाही. तरीही त्यांतील दचकणे आणि त्रासणे हे पुष्कळदा त्या क्षणी गिल्डननेच निर्माण केलेले असते, आणि ते त्या माणसाच्या आयुष्याचे सार म्हणून वाचणे हा प्रेक्षकाचा भाबडेपणा ठरतो.

न दचकलेला चेहरा तरी खरे सांगतो का, याविषयीही शंका घेण्यास जागा आहे. अवीझर, ट्रोप आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंची, गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणाची छायाचित्रे लोकांना दाखवली होती. केवळ चेहरा पाहून जय की पराजय हे त्यांना ओळखता आले नाही, परंतु केवळ शरीर पाहून ओळखता आले. क्लोज-अप नेमके हे शरीरच चौकटीबाहेर ठेवतो. दर आषाढात वर्तमानपत्रांत छापले जाणारे वारकऱ्यांचे ओलसर डोळ्यांचे चेहरेही मथळा झाकून पाहावेत. ती तृप्ती आहे, थकवा आहे की पावसाचे पाणी, हे बहुधा मथळाच ठरवत असतो.

फिलिप-लॉर्का डिकोर्सिया याच्या ‘हेड्स’ या मालिकेत ही संदिग्धता हेतुतः वापरलेली आहे. टाइम्स स्क्वेअरमध्ये परांचीवर दिवे बसवून, सुमारे २० फुटांवरून लांब पल्ल्याच्या भिंगाने त्याने हजारो वाटसरू टिपले आणि त्यांतील केवळ १७ चित्रे निवडली. लख्ख उजळलेला एक चेहरा आणि मागे काळोख, एवढ्यानेच रस्त्याने जाणारा कोणीही गहन चिंतनात बुडालेला भासतो. त्या १७ जणांतील एक धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ होते. आपल्या नकळत घेतलेले चित्र प्रदर्शित झाल्याचे आणि त्याच्या प्रती २० ते ३० हजार डॉलरना विकल्या जात असल्याचे त्यांना काही वर्षांनी कळले, तेव्हा खासगीपणाचा भंग आणि धर्मश्रद्धेला धक्का या कारणांवरून त्यांनी दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये तो फेटाळला. चित्र विकले गेले तरी ती कलाच राहते, व्यापारी जाहिरात ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला, त्यामुळे त्या राज्यातील छायाचित्रकारांना वाटसरूची संमती न घेता त्याचा चेहरा भिंतीवर टांगण्याची मुभा कायम राहिली.